मागण्यासाठी चालणं

रविवारचा स्वाध्याय आटोपून आम्ही बस्तीच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो. त्या दिवशी रत्नकरंडक श्रावकाचारातलं दिग्व्रत वाचून झालं होतं. श्रावकानं दाही दिशांना आपली मर्यादा ठरवून घ्यायची, अमुक समुद्र, अमुक नदी, अमुक डोंगर, त्यापलीकडे जायचं नाही, असं ते व्रत. डोक्यात अजून तेच घोळत होतं आणि अक्का म्हणाली, "जूनमध्ये मी इंग्लंडला जाणार आहे. चालायला."

मला वाटलं, भाच्याकडे जाणार असेल आणि तिथं सकाळी फिरायला जाईन म्हणत असेल. मी म्हटलं, "चालायला इथं व्हॅक्सिन डेपो आहे की. त्यासाठी विमान कशाला?"

"तसलं चालणं नव्हे गं. एकशे पस्तीस किलोमीटर. नऊ दिवस. आणि लोकांकडून पैसे मागायचे."

अक्काला त्रेसष्ठावं चालू आहे. आमच्या गटात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांचीच अक्का. तिच्याबरोबर आमच्यातल्या आणखी दोघी निघाल्या होत्या: शाळेतून निवृत्त झालेली टीचर आणि अक्काची जाऊ, जिला आम्ही वहिनी म्हणतो. चौथी म्हणून मी यावं असं तिघींनी ठरवूनही टाकलं होतं. माझे गुडघे मला बस्तीच्या पायऱ्यांवरच जाणवतात, त्यामुळं नाही म्हणायला मला कारण शोधावं लागलं नाही. पण मी नुसतं नाही म्हणून थांबले नाही. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी अक्काचं कारण. तिची धाकटी बहीण लग्न होऊन न्यूकॅसलला गेली. तीस वर्षं तिथं संसार केला. २०२१ च्या मे महिन्यात तिला तिथल्या एका हॉस्पिसमध्ये हलवलं. बरं करण्याचे उपाय जिथं संपतात आणि वेदना कमी करण्याचे चालू राहतात, असं ते घर. त्या दिवसांत इथून तिकडं जायला बंदीच होती. अक्का टिळकवाडीतल्या घरात फोन हातात धरून बसायची. तिकडची नर्स रोज व्हिडिओ कॉल लावून फोन उशीला टेकवून ठेवायची. बहिणीच्या पलंगामागं एक पांढरा फळा होता. त्यावर त्या नर्सनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: कांदा नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. सगळं संपत आलं तेव्हा तिनं अक्काला विचारलं, तुमची कुठली प्रार्थना लावायची? अक्कानं इकडून णमोकार म्हणायला सुरुवात केली आणि ती परकी बाई तिकडं फोन कानाजवळ धरून उभी राहिली. पाऊण तास. अक्का अजून म्हणते, "तिचा हात दुखला असेल गं."

हॉस्पिसची ही रीत आज आपल्याकडेही थोडीफार आली आहे. तिची सुरुवात इंग्लंडात सिसली सॉन्डर्स या बाईंनी केली. आधी नर्स, मग रुग्णांची समाजसेविका, मग चाळिशीजवळ डॉक्टर. १९४८ साली त्यांच्या ओळखीचा एक निर्वासित पोलिश रुग्ण मरताना त्यांना पाचशे पौंड देऊन गेला. तुमच्या त्या घरातली एक खिडकी माझी, असं त्याचं म्हणणं होतं. घर तेव्हा कुठंच नव्हतं. ते लंडनमध्ये उभं राहायला १९६७ साल उजाडलं. एकोणीस वर्षं त्या बाईंजवळ नुसती खिडकी होती! अजूनही तिथल्या बहुतेक हॉस्पिसना सरकारकडून खर्चाचा थोडाच भाग मिळतो. बाकीचं लोक देतात. जुन्या कपड्यांची दुकानं चालवतात, केक विकतात आणि चालतात. मी इतके मैल चालते, तुम्ही माझ्या नावानं त्या संस्थेला काही द्या, अशी ती पद्धत.

अक्कानं निवडलेली वाट हेड्रियनच्या भिंतीची. रोमन बादशहा हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनच्या उत्तर टोकाला या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भिंत घालायला घेतली. तिच्या कडेनं आता पायवाट आहे, न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला बोनेस या खाडीकाठच्या गावापर्यंत, चौऱ्याऐंशी मैल. भाच्यानं आधी तयार सहली पाहिल्या होत्या. त्यांतल्या काहींत अशी सोय असते की तुम्ही ठरावीक रक्कम लोकांकडून जमवायची आणि त्यातूनच तुमच्या राहण्या-जेवणाचा खर्च वळता होतो. अक्कानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे लोकांनी माझ्या बहिणीच्या नावानं दिलेल्यातून मी भात खायचा? ते बाद झालं. तिकीट, राहणं, सगळं तिघी पदरचं घालणार. जमेल ती पै न पै हॉस्पिसला.

इथंच मी तोंड उघडलं. पुढच्या रविवारी, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, तिघींच्या तिकिटाचे पैसे सरळ त्या हॉस्पिसला पाठवून दिलेत तर जास्त होतील. विमानाची हिंसा टळेल. आणि दान करायचं तर डाव्या हाताला कळू नये असं करावं, गावभर सांगत चालत कशाला सुटायचं?

अक्का काही बोलली नाही. टीचरनं विषय बदलला. पुढचे आठ दिवस अक्कानं मला फोन केला नाही. तीस-पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मी चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटत नव्हतं. हिशेब तर बरोबरच होता. तो आजही बरोबर आहे. पण बरोबर हिशेब सांगून माणूस दुखावला जातो तेव्हा आपण हिशेबात काहीतरी धरायचं विसरलेले असतो. ते काय, हे शोधायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्या तिघींची तयारी चालू होती, आणि आठ दिवसांनंतर तीत मीही होते. पाण्याची बाटली आणि टॉवेल धरून बाकावर बसणारी म्हणून.

तयारीची गंमत सांगायलाच हवी. पहिला प्रश्न बुटांचा. दुकानदार जो जो चांगला बूट काढायचा त्याला कुठंतरी चामडं लावलेलं असायचं. वहिनी बूट उलटा करून, जीभ बाहेर ओढून बघायची. शेवटी दुकानदारच वैतागून म्हणाला, "काकू, तुम्हाला बूट पाहिजे की सोवळं?" तिसऱ्या दुकानात निव्वळ कापड-रबराचे मिळाले. मग थंडीचे जॅकेट. त्यात पिसं भरलेली असतात हे टीचरनं वाचून काढलं, ते बाद. लोकरीच्या मोज्यांवर दोन दिवस वाद झाला. मेंढी मारत नाहीत, पण कातरताना दुखत असेलच की! तो वाद अजून सुटलेला नाही. मोजे मात्र पिशवीत गेले आहेत.

जेवणाचं उलटंच झालं. अक्काचा रात्रिभोजनत्याग पक्का. एवढं चालून आल्यावर संध्याकाळी सहाच्या आत जेवण कसं मिळणार, याची तिला काळजी होती. भाच्यानं सांगितलं, मावशी, जूनमध्ये इथं सूर्य पावणेदहाला मावळतो. अक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पावणेदहाला जेवले तरी चालेल म्हणतोस? शास्त्राला चालेल, पण माझ्या पोटाला लाज वाटेल."

सकाळी साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून फेऱ्या, पाठीवर पिशवीत पाच किलो तांदूळ. मार्चपासून दर रविवारी यळ्ळूरचा राजहंसगड. घरून गडापर्यंत चालत, गड चढून परत. पहिल्या रविवारी वहिनीच्या टाचेला फोड आला आणि येताना तिला रिक्षानं आणलं. ती रडकुंडीला आली तेव्हा अक्का म्हणाली, "शिखरजीची वंदना केलीस न्हवं? सत्तावीस किलोमीटर, अनवाणी, पहाटे अडीचला उठून. तेव्हा कुणी फोड मोजले होते?" खरंच आहे. आपल्या बायका किती चालतात हे आपल्यालाच माहीत नसतं. त्याला आपण यात्रा म्हणतो, म्हणून ते चालण्यात धरत नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. त्या वाटेच्या राखणदारांची चालणाऱ्यांना विनंती असते, की भिंतीवर चढू नका, आणि हिवाळ्यात माती ओली असते तेव्हा शक्यतो येऊ नका, कारण गवताखाली गाडलेलं जुनं काम पायांनी झिजतं. वाटेवर सात ठिकाणी शिक्के मारून घ्यायचं एक पासपोर्टसारखं पुस्तक मिळतं, तेही १ मे ते ३१ ऑक्टोबर एवढ्यातच चालतं. हे वाचून दाखवलं तेव्हा टीचर उडालीच. "अगं, हा तर त्यांचा चातुर्मास!" आपले महाराज पावसाचे चार महिने एका जागी राहतात ते ओल्या मातीतल्या जिवांसाठी, ती माणसं थांबतात ती मातीतल्या दगडांसाठी. कारण वेगळं, पण पाऊल टाकण्याआधी खाली काय आहे ते बघायचं, हे तेच. ईर्यासमिती म्हणजे तरी काय? चार हात पुढची जमीन बघून चालणं.

आता माझा हिशेब.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे. अनुग्रहासाठी आपलं जे आहे ते सोडणं म्हणजे दान. टीकाकार पूज्यपाद सांगतात की हा अनुग्रह दोघांवरचा, घेणाऱ्यावर आणि देणाऱ्यावरही. ही व्याख्या मी कितीदा वाचली असेल. पण "आपलं" या शब्दाशी कधी थांबले नव्हते. अक्काच्या या उद्योगात तिचं असं काय सोडलं जाणार होतं? पैसे लोकांचे. देणारे लोक. मग ती चालते कशाला?

एक उत्तर असं की लोकांना दुसऱ्याचे कष्ट बघितल्याशिवाय खिशात हात घालवत नाही. ऑलिव्होला आणि शाफिर या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये यावर लेखच लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की सुखाच्या सहलीपेक्षा धावणं-दमणं असेल तर लोक त्या कामासाठी जास्त द्यायला तयार होतात. करोनाच्या पहिल्या लाटेत तिथले टॉम मूर नावाचे नव्याण्णव वर्षांचे निवृत्त कॅप्टन चालण्याची चौकट धरून आपल्या बागेत फेऱ्या मारू लागले. शंभर फेऱ्या, एक हजार पौंडांसाठी. जमले तीन कोटींहून जास्त. त्या म्हाताऱ्या पायांना बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. दुःख हे जर नाणं असेल, तर मग जास्त दुखेल ते जास्त पुण्याचं असं होईल, आणि आपल्याकडे तपाचा असा बाजार होतो तेव्हा त्याला आपणच नावं ठेवतो. वहिनीच्या टाचेच्या फोडानं न्यूकॅसलमधल्या कुणाचीही वेदना कमी होणार नाही.

दुसरं उत्तर आपल्याच शास्त्रात सापडतं. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, करवलं, किंवा कुणी केलेल्याला मनापासून बरं म्हटलं, तिन्हींची जबाबदारी आपलीच. आपण हे पापाच्या बाबतीत नेहमी सांगतो: मी मारलं नाही पण मारवलं, तरी दोष आहेच. पुण्याच्या बाबतीत ते आठवत नाही. अक्का जे करत होती ते कारित. दोनशे माणसांच्या हातून ती देववत होती. मी म्हणत होते ते कृत: तूच दे आणि मोकळी हो.

आणि करवायचं असेल तर मागावं लागतं. इथं येऊन मला माझ्या बोलण्यातली मेख कळली.

आपल्या समाजात देण्याची रीत भरपूर आहे. पंचकल्याणकात सवाल बोलतात, अभिषेकाच्या पहिल्या कलशासाठी बोली चढत जाते, टाळ्या पडतात, फरशीवर नाव कोरलं जातं. आपण गुप्तदानाची थोरवी सांगतो आणि आपल्या भिंती नावांनी भरलेल्या असतात. असू देत. पण मागणं? मागणं म्हणजे आपल्याला मरण. लग्नात आलेल्या पाकिटांची वही ठेवतो ती परत फेडण्यासाठीच. महाराजसुद्धा मागत नाहीत. ते आहाराला निघतात, मनात विधी धरून चालतात, पडगाहन झालं तर थांबतात, नाहीतर परत. बावीस परीषहांत याचना हा एक परीषह आहे, म्हणजे देह सुकला तरी मागणं नको. आमच्याच भागातल्या भोजचे शांतिसागर महाराज इथून थेट सम्मेदशिखरापर्यंत पायी गेले, पण कुणापुढं हात केला नाही. मुनींचं ते तेज आहे. आपण संसारी माणसांनी मात्र त्यातून तेवढंच उचललं: हात पसरायचा नाही. आणि त्याला स्वाभिमान असं नाव दिलं.

चालणं आणि मागणं यांची गाठ आपल्याच माणसांनी कशी घातली होती ते मग आठवलं. विनोबा १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला पोचले, तिथं जमीन मागितली आणि मिळाली. पुढं तेरा वर्षं ते गावोगाव चालत मागत राहिले. मोटारीत बसून जमीन मागता आली नसती असं नाही, पण दारात धूळ भरलेल्या पायांनी उभा राहिलेला माणूस वेगळा. त्यांच्याकडे आलेले सतीश कुमार तर मूळचे जैन मुनीच, नवव्या वर्षी दीक्षा घेतलेले आणि अठराव्या वर्षी ती सोडलेले. १९६२ मध्ये ते एका मित्राबरोबर दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध चालत निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टन. विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, पैसे जवळ ठेवू नका. पैसे असले की माणूस खानावळीत जेवून झोपतो, नसले की दार वाजवावं लागतं आणि दारामागचा माणूस भेटतो. सतीश कुमार पुढं इंग्लंडातच राहिले. आमच्या अक्काच्या आधी एक जैन त्या देशात चालत पोचलेला होता, हे कळल्यावर वहिनीच्या टाचेला बराच आराम पडला.

अक्कानं मागायला सुरुवात केली ती एक शंभर पानी वही घेऊन. भाच्यानं देणगीचं पान उघडून दिलं होतं. ज्यांना कार्डानं भरता येतं त्यांनी तिथं भरायचं, बाकीच्यांचे रोख अक्काकडे, वहीत नाव आणि आकडा. राजहंसगड चढताना जिचा श्वास लागला नाही, ती पहिल्या घराच्या फाटकाशी दहा मिनिटं उभी होती. टीचर सांगत होती. आत गेल्यावर चहा घेतला, सुनेची चौकशी केली, लोणच्याची कृती विचारली आणि न मागताच दोघी परत आल्या.

पहिलं दान मिळालं ते न मागता. डेपोच्या फाटकाशी एक भाजीवाली बसते. पाठीवर पिशव्या घेऊन या तिघी रोज कुठं जातात, हे तिनं विचारलं. अक्कानं बहिणीचं सांगितलं. भाजीवालीनं विचारलं, "शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं न्हवं?" अक्का हो म्हणाली. तिनं पोत्याखालून दहा रुपये काढून दिले. अक्का नको म्हणाली, तर ती रागावली. "मला द्यायला येत न्हाई व्हय?" अक्का घरी येऊन माझ्यासमोर ती दहाची नोट ठेवून बसली. तिला ती भाच्याकडे पाठवायच्या पैशांत मिसळवेना. मी म्हटलं, मिसळ. नाहीतर तिचं दान तू ठेवून घेतल्यासारखं होईल. त्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा पहिल्यासारख्या बोललो.

भाजीवालीनं ज्या बाईसाठी दिलं ती तिनं पाहिली नाही, तो देश पाहिला नाही. इथं माझ्या मनात सासूबाई आल्या. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. माझी नणंद मस्कतला होती. पहिलं बाळंतपण अडलं, सासूबाई गेल्या नाहीत. गिरनारच्या पलीकडे पाऊल टाकायचं नव्हतं. मी तेव्हा नवी सून, मनात म्हटलं, ही कसली आई? त्या मात्र तीन रात्री देवघरात बसून होत्या. मी दूध घेऊन गेले तेव्हा त्यांनी हात जोडून मला बाहेर जायला सांगितलं. ते हात अजून डोळ्यांपुढं आहेत.

आचार्यांनी ही मर्यादा घातली ती लोभाला आणि हिंसेला. जिथं तू जाणार नाहीस, तिथं तुझ्या हातून सूक्ष्मसुद्धा पाप होणार नाही, असा त्यामागचा विचार. त्याहून आखूड काळाचं जे देशव्रत, त्यात तर मर्यादेपलीकडे वस्तू पाठवणं, हाक देणं, आपलं रूप दाखवणं हेही अतिचार सांगितले आहेत. म्हणजे व्हिडिओ कॉल आलाच! पण त्याच सातव्या अध्यायात मैत्रीची भावना सगळ्या जिवांविषयी सांगितली आहे, आणि तिला कुठं नदी-डोंगराची हद्द घातलेली नाही. पायांना हद्द आहे, मैत्रीला नाही. सासूबाईंना ते दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं होतं आणि त्यांच्या पायांनी ते सांभाळलं. नणंदेनं त्यांना कधी पूर्ण माफ केलं नाही. कोण बरोबर, हे मी आजही सांगू शकत नाही. व्रत मोडून गेल्या असत्या तर मला जास्त आवडलं असतं, एवढंच सांगते.

हेड्रियनची भिंतही एक हद्दच. त्यानं आधीच्या बादशहानं पूर्वेला जिंकलेले मुलूख सोडून दिले आणि राज्याच्या सीमा पक्क्या केल्या, असा इतिहास आहे. बादशहाचं दिग्व्रत म्हणावं तर तसंही नाही. व्रत आपल्या पायांना बांधतं, भिंत दुसऱ्याच्या. आम्ही बेळगावची माणसं, सीमा या शब्दाचं आम्हाला कुणी नवीन काही सांगायला नको. आता तीन जैन बायका कापडी बूट घालून त्या भिंतीच्या कडेकडेनं, त्यांच्या एका भाषेतला एक शब्द धड न येता, चालणार आहेत. वाटेत एका खिंडीत एक प्रसिद्ध झाड होतं. २०२३ च्या सप्टेंबरात कुणी रात्रीत येऊन ते कापलं. पुढच्या वर्षी बुंध्याला फुटवे आले. तिथं थांबून णमोकार म्हणायचा, असं वहिनीनं ठरवलं आहे.

आणि माझं दान? तेही सांगते, कारण सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. एप्रिलमध्ये एका रात्री मुलीच्या कार्डानं मी त्या पानावर पैसे भरले. तुम्ही ब्रिटनमध्ये कर भरता का, भरत असाल तर सरकार प्रत्येक पौंडाला पंचवीस पेन्स जोडेल, असा एक चौकोन होता. तो रिकामा ठेवला. नाव दाखवू नये, असा दुसरा चौकोन होता. त्यात खूण केली. गुप्तदान. मनाला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी अक्का ते पान मला दाखवत होती. वीस, दहा, पन्नास, वीस, शंभर. मधेच एक नाव नसलेले एक्कावन्न. ती त्या आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. इंग्रज माणूस एक्कावन्न कशाला देईल? ती काही बोलली नाही, मीही नाही. पण घरी येताना मला कळत होतं, की ते गुप्तदान नव्हतं. सगळ्यांच्या देखत मी जे बोलले होते, ते सगळ्यांच्या देखत मागं घ्यायला नको, म्हणून लपवलेलं होतं ते. डाव्या हाताला कळू नये म्हणतात, पण माझा डावा हात मला सोयीचा म्हणून झोपवून ठेवला होता.

गेल्या सोमवारी अक्कानं वहीचं शेवटचं पान उघडलं. तिघींना गुरुवारी निघायचं होतं. "हे एक नाव राहिलंय," ती म्हणाली. "मला वेळ नाही. तू जा." नाव बघून मी हसले. बस्तीतल्या तीन फरशांवर ज्यांचं नाव आहे ते अण्णा. फरशीशिवाय त्यांनी कधी रुपया सोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. "मी? मला नाही गं जमायचं," मी म्हटलं. अक्का म्हणाली, "मला तरी कुठं जमत होतं?"

मी चालतच गेले. टिळकवाडीतून शहापूरपर्यंत, गुडघे धरून, उन्हात. रिक्षानं जावंसं वाटलं नाही, का ते विचारू नका. दुकानात गर्दी नव्हती. अण्णांनी जय जिनेंद्र केलं, पोराला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायले, त्यांच्या सुनेची चौकशी केली. मग पदर सारखा केला आणि सगळं सांगून टाकलं: बहीण, फळा, फोन धरून उभी राहिलेली नर्स, भिंत, तिघी. अण्णा नाकावरच्या चष्म्यावरून बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सगळं बरोबर आहे वहिनी. पण तुम्ही स्वतः किती घातलात?"

दुकानातली दोन पोरं ऐकत होती. पायरीवर एक बाई पिशवी घेऊन उभी होती, ती आमच्या स्वाध्यायातलीच.

"एक्कावन्न पौंड," मी म्हटलं.

"पौंड म्हणजे रुपयांत किती होतात?" म्हणत अण्णांनी कॅल्क्युलेटर पुढं ओढला.